सत्ताविसावी

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये महिला धनुर्विद्येच्या क्रमवारी फेरीचा तक्ता लागला तेव्हा चीनची झांग ज्वानज्वान सत्ताविसावी होती. बाण ७२, कमाल गुण ७२०, तिचे झाले ६३५. तक्त्याच्या माथ्यावर तिघी कोरियन: पार्क सुंग-ह्यून ६७३, युन ओक-ही ६६७, जू ह्यून-जंग ६६४. आठवडा उलटायच्या आत, १४ ऑगस्टला, या सत्ताविसावीने उपांत्यपूर्व फेरीत तिसरीला, उपांत्य फेरीत दुसरीला आणि अंतिम फेरीत पहिलीला हरवलं. १९८४ पासून महिलांचं वैयक्तिक सुवर्ण कोरियाबाहेर गेलेलं नव्हतं. नंतरही गेलं नाही. लॉस एंजेलिसपासून पॅरिसपर्यंत अकरा ऑलिम्पिक झाली. त्यांतली दहा सुवर्णपदकं कोरियन मुलींकडे आहेत आणि एक हिच्याकडे.

आपल्याकडे त्या आठवड्यात हे कोणाच्या लक्षात राहणं शक्यच नव्हतं. तीनच दिवस आधी अभिनव बिंद्राने नेमबाजीत सुवर्ण जिंकलं होतं, तेही चीनच्या झू छिनानला मागे टाकून, आणि पेपरांची पहिली पानं अजून त्यातून बाहेर आली नव्हती. ते योग्यच होतं. पण पुढेही झांगचा विषय आपल्याकडे निघाला की तो दोनच प्रकारांनी निघतो. शिबिरांमध्ये मुलांना सांगताना ती 'जिद्द असेल तर काहीही शक्य आहे' या सदरात जाते. थोडं खेळातलं कळणारी माणसं डोळा बारीक करून म्हणतात, घरच्या मैदानावर प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या म्हणून जिंकली. एक तर चमत्कार, नाही तर लबाडी. मला दोन्ही पटत नाहीत.

मी या गोष्टीकडे पंच म्हणून बघते. सातारा जिल्ह्यातल्या शाळेत खेळ शिकवता शिकवता स्पर्धांमधलं पंचाचं काम अंगावर आलं आणि निवृत्तीनंतरही सुटलेलं नाही. पंचाला बाण मारणारीचा चेहरा फारसा दिसत नाही. तिची पाठ दिसते, हातातलं घड्याळ दिसतं, आणि टार्गेटपाशी गेल्यावर कागदाला पडलेली भोकं दिसतात. बाण रेषेला चाटला असेल तर वरचा गुण द्यायचा. वाद झाला की भिंग काढायचं, दोन्ही बाजूंनी वाकून बघायचं, तोवर बाणाला कोणाला हात लावू द्यायचा नाही, आणि निर्णय सांगून मोकळं व्हायचं. या कामाने एक खोड लागते. कोण जिंकलं हे कळायच्या आधी किती मारले हे विचारावंसं वाटतं.

तर झांगने किती मारले?

बीजिंगमध्ये वैयक्तिक सामना १२ बाणांचा होता, म्हणजे १२० पैकी. अंतर ७० मीटर, टार्गेटचा कागद १२२ सेंटिमीटरचा, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचं. क्रमवारी फेरीतल्या ६३५ ला ७२ ने भागलं की बाणामागे ८.८२ येतात. उपांत्यपूर्व फेरीत जू ह्यून-जंगविरुद्ध तिने मारले १०६, म्हणजे बाणामागे ८.८३. काही बदललं नाही. जशी होती तशीच राहिली. बदलली ती जू. क्रमवारी फेरीत बाणामागे ९.२२ मारणारी मुलगी १०१ वर आली, ८.४२. हा सामना झांगने जिंकला म्हणण्यापेक्षा झांग जागची हलली नाही आणि समोरची घसरली, असं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं.

उपांत्य फेरीत उलटं झालं. युन ओक-हीने १०९ मारले. तिच्या सरासरीपेक्षा थोडे कमी, पण वाईट नव्हेत. एवढ्यावर एरवी सामना निघतो. झांगने मारले ११५. बारा बाणांत पाचच गुण सांडले. ७० मीटरवरून, ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत, समोर कोरियन. शिट्ट्यांचा मुद्दा काढणाऱ्यांना मी हा आकडा दाखवते. प्रेक्षकांच्या गोंगाटाने समोरचीचा हात हलू शकेल. पण त्या गोंगाटाने कोणाला ११५ मारून दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

अंतिम फेरी ११०-१०९. पार्क सुंग-ह्यून अथेन्सची विजेती, क्रमवारी फेरीत बाणामागे ९.३५ मारून आलेली. तिचे १०९ म्हणजे ९.०८. झांगचे ११० म्हणजे ९.१७. इथे दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या घडल्या, एक जरा वर गेली आणि दुसरी जरा खाली आली, आणि बारा बाणांनंतर एक गुण उरला.

क्रमवारी फेरी वेगळ्या दिवशी, वेगळ्या हवेत होते हे मला कळतं, त्यामुळे या सरासऱ्या दशांशापर्यंत एकमेकींशी ताडू नयेत असं कोणी म्हटलं तर मान्य. तरीही यातून एक गोष्ट दिसतेच. तीन सामने तीन तऱ्हांनी जिंकले गेले. एकात नुसतं टिकून राहावं लागलं, एकात झडप घालावी लागली, एकात दोन्ही. नशीब एवढ्या तऱ्हा करत बसत नाही.

शिट्ट्यांबद्दलही बोलते, कारण तो विषय टाळणं बरोबर नाही. कोरियन खेळाडू धनुष्य ताणत असताना प्रेक्षकांतून शिट्ट्या आणि आरडाओरडा झाला, अशी तक्रार कोरियन वृत्तपत्रांनी तेव्हा जोरात केली. मैदानावर मी असते तर संताप आला असता. बाण सुटण्याआधीचे ते दोन-तीन सेकंद, बाण पुरेसा ताणला गेल्याची खूण देणाऱ्या क्लिकरचा आवाज कानावर पडायची वाट बघण्याचे, दुसऱ्याने खराब करू नयेत एवढी सभ्यता खेळात हवी. पण कोरियन संघ स्वतः बेसबॉलच्या मैदानांवर भर गर्दीत, गोंगाटात सराव करण्यासाठी प्रसिद्ध आहे. हे होणार याची कल्पना ज्यांना सगळ्यांत जास्त होती, ते तेच होते. आणि आवाज यजमान मुलीलाही ऐकू येतो. आपल्या देशात, आपल्या माणसांसमोर, ज्या खेळात आपल्या देशाला कधीच सुवर्ण मिळालेलं नाही त्यात शेवटचे बाण मारायचे, हे ओझं किती असतं ते घरच्या मैदानावर कोसळलेल्या कुठल्याही संघाला विचारा.

पार्क सुंग-ह्यूनबद्दल मात्र मला वाईट वाटतं. तिचा पुढे नवरा झालेला पार्क क्युंग-मो तेव्हा कोरियाच्या पुरुष संघात होता. तोही त्याच बीजिंगमध्ये अंतिम फेरीत हरला, युक्रेनच्या व्हिक्टर रुबानकडून, ११२-११३. त्या वर्षाअखेरीस दोघांचं लग्न झालं. एका घरात दोन रौप्यपदकं, दोन्ही वेळा सुवर्ण एकेका गुणाने हुकलेलं.

आता झांगचं आधीचं बघा, कारण चमत्कारवाले तिथे जातच नाहीत. १९८१ चा जन्म, गाव शांतुंग प्रांतातलं चिंगताओ, समुद्रकाठचं. बीजिंग ऑलिम्पिकच्या शिडाच्या नावांच्या शर्यती तिथेच झाल्या. बीजिंगला ती सत्तावीस वर्षांची होती आणि तिचं ते दुसरं ऑलिम्पिक. पहिलं अथेन्स, २००४. तिथे सांघिक अंतिम फेरीत हे यिंग, लिन सांग आणि झांग अशा तिघी कोरियासमोर उभ्या होत्या. शेवटचा एक बाण उरला तेव्हा कोरियाला जिंकायला पूर्ण दहा हवे होते. बाण पार्क सुंग-ह्यूनच्या हातात होता. तिने दहा मारले. २४१-२४०.

चार वर्षांनी बीजिंगला सांघिक अंतिम फेरीत पुन्हा कोरिया, पुन्हा समोर पार्क. या वेळी अटीतटीचं काही झालं नाही, २२४-२१५ असा सरळ पराभव. तो १० ऑगस्ट. चौदा तारखेला पार्कसमोर ती एकटी उभी राहिली तेव्हा या दोन अंतिम फेऱ्या तिच्या खात्यावर होत्या. कोणी म्हणेल, दोनदा हरलेली. मी म्हणेन, पार्कसमोर ऑलिम्पिकची अंतिम फेरी दोनदा खेळून आलेली. जगात अशी दुसरी कोणी नव्हती.

आणि झांगच्या मागेही रांग आहे. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये कोरियाच्या सतरा वर्षांच्या सिओ ह्यांग-सूनने कोरियाचं धनुर्विद्येतलं पहिलं सुवर्ण जिंकलं तेव्हा दुसरी आली होती चीनची ली लिंगज्वान. तेव्हा स्पर्धा चार अंतरांवरून, दोनदा, मिळून २८८ बाणांची असायची. सिओचे २५६८, लीचे २५५९. १९९२ ला बार्सेलोनात चीनचा महिला संघ दुसरा, कोरिया पहिला. १९९६ ला अटलांटात हे यिंग वैयक्तिक अंतिम फेरीत किम क्युंग-वूककडून हरली, ११३-१०७. याच स्पर्धेत किमने टार्गेटच्या मध्यावर बसवलेला कॅमेरा बाणाने फोडला होता, एकदा नव्हे, दोनदा. हीच हे यिंग आठ वर्षांनी अथेन्समध्ये झांगच्या शेजारी उभी होती. म्हणजे चोवीस वर्षं एक देश एकाच देशाकडून हरत होता आणि तरी पुन्हा पुन्हा त्याच्यासमोर परत येत होता. २००८ चं सुवर्ण या रांगेतून आलं.

चीनची क्रीडाव्यवस्था मला गोड वाटते असं नाही. लहान वयात घरातून उचलून क्रीडाशाळेत घालायचं, प्रांताच्या संघात टाकायचं, दर चार वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी प्रांताप्रांतांत ओढाताण, त्यातून जी उरेल ती देशाकडे. या चरकातून गेलेल्या आणि पदक न मिळालेल्या मुलींचं पुढे काय होतं हा प्रश्न विचारायलाच हवा. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेने केली. दुसरी आलेली मुलगी फुकट गेली असं समजून तिला फेकून दिलं नाही. हे यिंग अटलांटानंतर अथेन्समध्ये दिसते, झांग अथेन्सनंतर बीजिंगमध्ये दिसते.

इथे नियमांचाही भाग आहे, आणि तो पंचाशिवाय कोणी सांगत नाही. २८८ बाणांच्या बेरजेत अपघाताला जागाच नसते. एवढे बाण मारले की जी खरोखर चांगली आहे ती वर येतेच. १९९२ पासून ऑलिम्पिकमध्ये समोरासमोर सामने आले, बाण घटले; बीजिंगला ते प्रत्येक फेरीत बाराच होते. २०१० मध्ये सेटची पद्धत आली: तीन बाणांचा एक सेट, जिंकला की दोन गुण, बरोबरी झाली की एकेक, सहा गुण झाले की सामना संपला, पाच सेटनंतर बरोबरी राहिली तर एका बाणाचा शूट-ऑफ. टीव्हीवर बघायला हे छान आहे. एखादा बाण सातात गेला तरी एक सेटच जातो, सामना जात नाही. म्हणजे कागदावर तरी प्रत्येक बदलाने कोरियाबाहेरच्या मुलीचं दार जरा जास्त उघडत गेलं.

मग त्या दारातून कोण आलं? लंडनला मेक्सिकोची आइदा रोमान शूट-ऑफपर्यंत आली. तिने आठ मारला, की बो-बेनेही आठच मारला. पण कीचा बाण मध्याच्या जवळ, सुवर्ण कीला. टोकियोला एलेना ओसिपोव्हा शूट-ऑफपर्यंत पोहोचली, आन सानने दहा मारला, तिने आठ. रिओला लिसा उनरू ६-२ अशी हरली. पॅरिसला तर अंतिम फेरीत दोघीही कोरियनच, लिम सि-ह्यून आणि नाम सू-ह्यून. दार उघडं आहे. आत एकटीच गेली, आणि तीही सेटची पद्धत यायच्या आधी, जेव्हा बाराच्या बारा बाणांची बेरीज व्हायची आणि एक वाईट बाण शेवटपर्यंत पाठ सोडायचा नाही.

म्हणून 'झांगने कोरियाची सत्ता मोडली' हे वाक्य मी खोडते. काही मोडलं नाही. कोरियाने बीजिंगनंतर काय केलं? आधी जे करत होते तेच. महिनोन्‌महिने चालणारी निवड चाचणी, हजारो बाण, आणि मागची पदकं हिशेबात शून्य. आन सानने टोकियोत एकाच ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली आणि पॅरिसच्या संघात तिला जागा मिळाली नाही, कारण चाचणीत तिच्यापेक्षा तिघींनी जास्त मारले. आपल्याकडे असं झालं असतं तर मोर्चा निघाला असता, आणि कदाचित मीही त्यात असते. पण त्या देशात निवडीच्या कागदावर नाव नसतं, आकडा असतो. ह्युंदाई कंपनीचं घराणं १९८५ पासून त्यांच्या संघटनेच्या मागे उभं आहे, पैसा आहे, यंत्रं आहेत, सगळं आहे. पण ते सगळं काढून घेतलं तरी हा एक नियम पुरेल असं माझं मत आहे.

चीन त्यानंतरही रांगेतच आहे. लंडनला चेंग मिंग, फांग युतिंग आणि शू जिंग यांचा संघ पावसात कोरियाकडून २१०-२०९ असा हरला. पुन्हा एकच गुण. पॅरिसला आन चीश्वेन, ली ज्यामान आणि यांग श्याओलेइ या तिघींनी कोरियाला ४-४ वर आणून शूट-ऑफला नेलं. तो शूट-ऑफ मी टीव्हीवर उभी राहून बघितला. कोरियाचे तीन बाण, चीनचे तीन. पाटीवर आधी बरोबरीसारखं दिसत होतं, पण कोरियाचे दोन बाण नऊ आणि दहाच्या मधल्या रेषेवर होते. पंच गेले, वाकले, बघितलं. दोन्ही दहा. २९-२७. कोरियाचं सलग दहावं सांघिक सुवर्ण. घरातले हळहळले, मी त्या पंचांच्या मानेकडे बघत होते. ती मान कशी अवघडते ते मला माहीत आहे, आणि त्या क्षणी दोन देशांचे कॅमेरे त्या मानेवर असतात. निर्णय बरोबर होता. बाण रेषेला चाटला होता.

आता आपलं. बीजिंगच्या उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या महिला संघासमोर आपलाच संघ होता: डोला बॅनर्जी, बोम्बायला देवी, वर्धिनेनी प्रणीता. समोर चेन लिंग, ग्वो दान आणि झांग. आपण हरलो, २०६-२११. तेवढ्यावर बातमी संपली. त्या आकड्यांना २४ बाणांनी भागून बघा: चीनचे बाणामागे ८.७९, आपले ८.५८. पुढे जाऊन रौप्य जिंकणाऱ्या संघाच्या आणि आपल्या मधलं अंतर बाणामागे एका गुणाच्या पंचमांशाएवढं होतं. 'तिरंदाजांकडून निराशा' असल्या मथळ्यांनी हा पंचमांश दिसत नाही, आणि दिसला नाही की तो भरून काढायचं कोणाला सुचतही नाही. पुढे आपल्या मुलींनी २०११ आणि २०१५ ला जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्य मिळवलं. ऑलिम्पिकमध्ये धनुर्विद्येचं पदक आपल्याला अजून नाही. पॅरिसला धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत मिश्र गटात चौथे आले, तेच सर्वांत जवळचं. आपली तिरंदाज दीपिका कुमारी हिला आपण किती ऑलिम्पिकमध्ये किती वेळा झोडलं याची गणती नको.

माझ्या जिल्ह्यात सध्या वेगळीच हवा आहे. २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये कंपाउंडची जगज्जेती झाली, त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जगज्जेता झाला. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोपर्यंत जाऊन आलेला. तेव्हापासून आईवडील मुलांना धनुर्विद्येला घेऊन येतात. चांगली गोष्ट आहे. पण विचारतात काय? 'मॅडम, मेडलपर्यंत जायला साधारण किती वर्षं लागतात?' अदिती माहीत असते, तिची मिरवणूक माहीत असते, मिळालेलं बक्षीस तर रुपयांपर्यंत माहीत असतं. बर्लिनच्या अंतिम सामन्यात तिने किती मारले हे मी उलट विचारते. आजवर एकाही पालकाने उत्तर दिलेलं नाही. १४९. दीडशेपैकी. पंधरा बाणांत एकच गुण सांडला. ओजसने तोही सांडला नाही, दीडशेपैकी दीडशे. समोरच्या पोलंडच्या खेळाडूने १४९ मारले आणि तो हरला.

कंपाउंड आणि रिकर्व्ह वेगळे आहेत, हेही सांगावं लागतं. कंपाउंडला चाकं असतात, पूर्ण ताणल्यावर भार हलका होतो, भिंगाचा नेम असतो, दोरी बोटांनी नव्हे तर कळ दाबून सुटते, अंतर ५० मीटर. झांगचं धनुष्य रिकर्व्ह, त्यात ताणलेला भार सुटेपर्यंत खांद्यातच राहतो. म्हणून कंपाउंडचे १४९ आणि रिकर्व्हचे ११५ यांची तुलना करायची नसते. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडची मिश्र स्पर्धा पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये येते आहे, आणि तिथे आपल्या मुलांना खरी संधी आहे असं मलाही वाटतं. पण आतापासूनच पोस्टरवर 'लक्ष्य २०२८' छापलेलं बघितलं की मला त्या पोस्टरखाली मुलीची गेल्या वर्षाची सरासरी लिहावीशी वाटते. ती कोणाकडेच नसते.

नसते, कारण आपण ती ठेवतच नाही. स्पर्धा चालू असते तोवर स्कोअरशीटला केवढा मान! खाडाखोड झाली तर पंचाची सही, खेळाडूची सही, बेरीज दोनदा तपासायची. बक्षीस समारंभ झाला की तेच कागद एका पिशवीत जातात आणि ती पिशवी कुठे जाते ते विचारू नये. एका स्पर्धेनंतर मी ते कागद चहाच्या कपांखाली अंथरलेले पाहिले आहेत. निकाल म्हणून जे टिकतं ते तीन नावांचं: प्रथम, द्वितीय, तृतीय. चौथी किती गुणांनी चौथी होती, सत्ताविसावी शेवटच्या सहा बाणांत सुधारत होती का पडत होती, दबाव आला की कोणाचा आकडा आहे तिथेच राहतो, हे सगळं त्या पिशवीत. झांग ज्वानज्वानबद्दल मी वर जे काही लिहिलं ते तिचे आकडे कोणीतरी नीट जपून ठेवले म्हणून मला लिहिता आलं. साताऱ्याची एखादी मुलगी उद्या अशी वर आली तर तिच्याबद्दल लिहायला आपल्याकडे फक्त जिद्द असेल.

तेव्हा माझी मागणी फार मोठी नाही. जिल्हा आणि राज्य स्पर्धेतल्या प्रत्येक मुलामुलीचा प्रत्येक बाण, तारीख आणि अंतरासकट, कोणालाही बघता येईल अशा ठिकाणी ठेवा. निवड त्यावरून करा, आणि कोणाला का घेतलं नाही हे त्यावरूनच सांगा. परदेशी प्रशिक्षक, नवी धनुष्यं, वातानुकूलित वसतिगृह, हे मागून आलं तरी चालेल. टाइप करायला माणूस नाही असं कारण पुढे येणार, ते मी आताच निकालात काढते. जागा आणि एक संगणक द्या. पंचगिरी नसते त्या दिवशी मी येऊन बसते, आणि माझ्यासारख्या आणखी दोघी-तिघी निवृत्त बाया या जिल्ह्यात मला माहीत आहेत.